जनरल बिपिन रावत, सीडीएस आणि थिएटर कमांड : गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवतो. शनिवारी संध्याकाळी गावच्या वाचनालयात एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि सीडीएस या परीक्षांची तयारी करणारी मुलं येतात, त्यांच्यासोबत पालकही येतात. देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) जनरल रावत डिसेंबर २०२१ मध्ये गेले, तेव्हापासून तेच तेच प्रश्न कानावर पडत आहेत. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा प्रपंच.

जनरल बिपिन रावत यांची लष्करातली वाटचाल थोडक्यात सांगाल का?

जन्म १६ मार्च १९५८, उत्तराखंडातल्या पौडी भागातला. वडील लक्ष्मणसिंह रावत लष्करातून लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले. बिपिन रावत खडकवासल्याच्या एनडीएत शिकले आणि डेहराडूनच्या अकादमीत त्यांना मानाची तलवार मिळाली. १६ डिसेंबर १९७८ रोजी ते ११ गोरखा रायफल्सच्या पाचव्या बटालियनमध्ये अधिकारी झाले. वडिलांचीही तीच बटालियन.

त्यांच्या नेमणुकांची यादी वाचताना नकाशा जवळ ठेवावा, असं मी मुलांना सांगतो. अरुणाचलात चीनच्या सीमेला टेकलेलं किबिथू, तिथे त्यांनी आपली बटालियन सांभाळली. काश्मीरमध्ये सोपोरला राष्ट्रीय रायफल्सचा सेक्टर, पुढे उरीला १९ वी डिव्हिजन. मधल्या काळात आफ्रिकेत काँगोला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत ब्रिगेडचं नेतृत्व. नंतर नागालँडमधल्या दिमापूरला ३ कोअर. जून २०१५ मध्ये म्यानमार सीमेवर अतिरेक्यांच्या तळांवर कारवाई झाली तेव्हा कोअर कमांडर तेच होते.

१ जानेवारी २०१६ पासून काही महिने ते पुण्याला दक्षिण कमांडचे प्रमुख होते. कमांड म्हणजे एका मोठ्या भागातली सगळी फौज सांभाळणारं मुख्यालय. गोव्यातलं लष्कर याच कमांडखाली येतं. म्हणजे पणजीच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातले जवान त्या काळात रावत यांच्याच हाताखाली होते. ही गोष्ट इथे फार कुणाला ठाऊक नसते. सप्टेंबर २०१६ मध्ये ते उपलष्करप्रमुख झाले, ३१ डिसेंबर २०१६ रोजी लष्करप्रमुख, आणि १ जानेवारी २०२० रोजी देशाचे पहिले सीडीएस.

लष्करप्रमुख असतानाच त्यांनी फेररचनेला हात घातला होता. सैन्याचा आकार, मुख्यालयाची घडी, अधिकाऱ्यांची बढती आणि जवानांच्या सेवाशर्ती या चार बाबींचे अभ्यास त्यांनी २०१८ मध्ये सुरू करवले. दिल्लीच्या मुख्यालयातले २०६ अधिकारी सीमेवरच्या तुकड्यांकडे धाडायला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. पायदळ, रणगाडे, तोफखाना, इंजिनिअर हे सगळं एकाच अधिकाऱ्याच्या हाती देणारे ‘एकात्मिक युद्धगट’ हीदेखील त्यांनी लावून धरलेली कल्पना. ज्याने लढायचं त्याच्या हाती सगळी साधनं हवीत, हा आग्रह तिथूनच दिसतो.

सीडीएसची परीक्षा पास झालं की सीडीएस होता येतं का?

नाही. नावातल्या सारखेपणामुळे हा घोटाळा होतो आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. परीक्षा ‘कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस’ची, ती पदवीनंतर देतात आणि त्यातून अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणाला जाता येतं. पद ‘चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ’चं. त्याला मराठीत संरक्षण दलप्रमुख म्हणतात.

मग सीडीएस हा तिन्ही दलप्रमुखांचा साहेब म्हणायचा का?

तसंही नाही. तो चार तारे असलेला अधिकारी, म्हणजे हुद्द्याने तिन्ही प्रमुखांच्या बरोबरीचा, त्यांच्यातला पहिला. तिन्ही प्रमुखांच्या समितीचा तो कायम अध्यक्ष असतो आणि तिन्ही दलांना मिळून लागू असलेल्या बाबींत संरक्षणमंत्र्यांचा मुख्य लष्करी सल्लागार असतो. संरक्षण मंत्रालयात त्याच्यासाठी सैन्य व्यवहार विभाग हा नवा विभाग काढला, त्याचा तो सचिव. दलप्रमुखांना ‘अमुक तुकडी हलवा’ असा हुकूम तो देऊ शकत नाही.

पदाची वयोमर्यादा ६५ वर्षं. पद सोडल्यावर दुसरं कुठलंही सरकारी पद घेता येत नाही आणि पाच वर्षं परवानगीशिवाय खासगी नोकरी करता येत नाही.

हे पद इतक्या उशिरा का आलं? आणि यात मनोहरभाई पर्रीकरांचा काय वाटा?

१९९९ मध्ये कारगिल झालं. त्यानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने युद्धाचा आढावा घेतला आणि २००१ मध्ये मंत्रिगटाने सीडीएस नेमण्याची शिफारस केली. त्या वेळी तिन्ही दलांचं एकत्र मुख्यालय झालं, अंदमान-निकोबारला पहिली त्रिदलीय कमांड झाली, २००३ मध्ये अण्वस्त्रांसाठी वेगळी कमांड झाली. फक्त ज्याने हे सगळं चालवायचं त्याची खुर्ची रिकामी राहिली. पुढे नरेश चंद्र समितीने थोडं मवाळ रूप सुचवलं, तेही फायलीतच राहिलं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकर दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. सीडीएस हवाच, हे त्यांनी २०१५ मध्येच उघडपणे सांगितलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली. सैन्याची लढण्याची ताकद वाढवायची आणि खर्चाची घडी नीट बसवायची हे तिचं काम. तिन्ही दलांचा समन्वय पाहणाऱ्या चार ताऱ्यांच्या अधिकाऱ्याची शिफारस त्या समितीनेही केली.

१७ मार्च २०१९ रोजी पर्रीकर गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सीडीएसची घोषणा झाली. पाच महिन्यांचा फरक. ही तारीख सांगताना माझा आवाज अजून जड होतो. आपल्या म्हापशाच्या माणसाने ज्या गोष्टीसाठी दिल्लीत इतका आग्रह धरला, ती त्याने पाहायला हवी होती.

रावत यांना दोघांना डावलून लष्करप्रमुख केलं, हे खरं का?

खरं आहे. लेफ्टनंट जनरल प्रवीण बक्षी आणि लेफ्टनंट जनरल पी. एम. हरीझ हे दोघे त्यांना ज्येष्ठ होते. डिसेंबर २०१६ मध्ये नेमणूक झाली तेव्हा संरक्षणमंत्री पर्रीकरच होते. दहशतवादविरोधी कारवाया आणि ईशान्येतला अनुभव हे कारण सांगितलं गेलं. याआधी १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना बाजूला ठेवून आपले मराठी जनरल अरुणकुमार वैद्य यांना प्रमुख केलं होतं. प्रमुख निवडण्याचा हक्क सरकारचा, त्याबद्दल वाद नाही. पण ज्येष्ठता मोडताना कारण जितकं स्पष्ट सांगाल तितकं फौजेसाठी बरं, असं माझं मत आहे. बक्षी यांनी मात्र जाहीर कुरबूर न करता नव्या प्रमुखांना साथ दिली, हे मुलांना मी आवर्जून सांगतो.

थिएटर कमांड म्हणजे काय? गोव्याच्या उदाहरणाने सांगा.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

सध्याच्या रचनेत लष्कराच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा कमांड आहेत. प्रत्येक दलाची हद्द वेगळी, मुख्यालयाचं गाव वेगळं.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयातल्या फळ्यावर मी गोव्याचा किनारा काढला. तेरेखोलपासून काणकोणपर्यंत एक वाकडी रेघ. लाल खडूने पुण्याला टिंब दिलं, कारण गोव्यातलं लष्कर पुण्याच्या दक्षिण कमांडचं. निळ्या खडूने मुंबईला, कारण गोवा नौदल क्षेत्र मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडखाली. पांढऱ्या खडूने गांधीनगरला, कारण आपल्याला जवळचा मोठा हवाई तळ पुण्याचा लोहगाव, आणि तो गांधीनगरच्या नैऋत्य हवाई कमांडचा. मग तिन्ही टिंबांपासून गोव्यापर्यंत रेघा ओढल्या. बारावीतली एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत होती. ती म्हणाली, “सर, समुद्रातनं काही आलं तर कोण कुणाला फोन करणार?”

थिएटर कमांडचा सगळा विचार या एका प्रश्नात आहे. आज उत्तर असं, की तिघे एकमेकांना फोन करतात, दिल्लीत तिन्ही मुख्यालयं एकमेकांशी बोलतात, आणि माणसं समंजस असली की काम होतं. थिएटर कमांडमध्ये एका दिशेच्या युद्धाची जबाबदारी एकाच सेनापतीवर येते. त्या भागातली फौज, जहाजं, विमानं त्याच्या हुकमात. तो कुठल्याही दलाचा असू शकतो. दलप्रमुखांकडे मग भरती, प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि फौज तयार ठेवणं एवढं काम उरतं.

मांडणीत मुख्यतः तीन थिएटर येतात : पाकिस्तानच्या बाजूचं पश्चिम, चीनच्या बाजूचं उत्तर आणि समुद्रासाठी सागरी. गोवा साहजिकच सागरी थिएटरमध्ये मोडेल. एके काळी त्याचं मुख्यालय शेजारच्या कारवारला होण्याची चर्चा होती, नंतर तिरुवनंतपुरमचं नाव पुढे आलं. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने ही पद्धत पक्की केली. चीनने २०१६ मध्ये आपले सात लष्करी प्रदेश मोडून पाच थिएटर कमांड केल्या, आणि त्यानंतर आपल्याकडच्या चर्चेला खरी धार आली.

१९६१ मध्ये गोवा मुक्त करताना तिन्ही दलं एकत्र लढलीच होती ना? मग नवी रचना कशाला?

लढली होती, आणि ती कामगिरी आपल्या डोळ्यांसमोरच्या जागांवर झाली आहे. पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी. त्यांच्याखाली मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅरा ब्रिगेड. हवाई दलाची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे. १८ डिसेंबरला पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, बेळगावच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं. मुरगाव बंदरात बेटवा आणि बियास या फ्रिगेटांनी ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला गाठलं. अंजदीव बेटावर नौसैनिक उतरले तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. त्या मोहिमेत प्राण दिलेल्या सात नौसैनिकांचं स्मारक आयएनएस गोमंतकवर आहे.

उत्तरेकडून येणाऱ्या पॅरा ब्रिगेडचं काम आखणीत दुय्यम होतं. पण सगत सिंग थांबले नाहीत. १८ तारखेच्या संध्याकाळी त्यांचे सैनिक बेतीला पोचले, समोर मांडवी आणि पलीकडे पणजी. १९ च्या सकाळी ते नदी ओलांडून शहरात शिरले. त्याच रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनी शरणागती पत्करली.

आता नीट बघा. तयारीला वेळ मिळाला होता, शत्रू संख्येने थोडा होता, त्याच्याकडे लढाऊ विमानं नव्हती. वेगवेगळ्या साखळीतले अधिकारी एकमेकांशी बोलून जुळवून घेऊ शकले. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झालं आणि हवाई दलाची लढाऊ विमानं वापरलीच गेली नाहीत. जुळवून घेण्यावर अवलंबून राहिलं की एका डिसेंबरात काम फत्ते होतं आणि पुढच्या ऑक्टोबरात फसतं. म्हणून मला नवी रचना हवी वाटते.

हवाई दलाचा याला विरोध का?

विरोध म्हणजे अडेलतट्टूपणा असं समजू नका. त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन (तुकड्या) ४२, प्रत्यक्षात तिशीच्या आसपास. हवेत इंधन भरणारी आयएल-७८ विमानं सहा. ही तीन थिएटरांत वाटायची तर कुणाच्या वाट्याला काय येणार? शिवाय विमान सकाळी राजस्थानात आणि दुपारी लडाखमध्ये लढू शकतं. त्याला एका हद्दीत बांधलं तर त्याची निम्मी ताकद वाया जाते.

जुलै २०२१ मध्ये रावत यांनी हवाई दलाला सशस्त्र दलांची साहाय्यक शाखा म्हटलं आणि तत्कालीन हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच दिवशी ते खोडून काढलं. मी रावत यांचा आदर करतो, तरी तो शब्द त्यांनी वापरायला नको होता. ज्याला बरोबर घ्यायचंय त्याला आधीच धाकटा म्हटलं की चर्चा तिथेच अडते. ऑगस्ट २०२५ मध्येही हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी घाई नको असं जाहीरपणे सांगितलं. तीन बरोबरीच्या दलांची संमती मिळवायला वेळ लागणारच.

एका दलाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या दलाच्या जवानाला शिक्षा कशी करायची?

हा प्रश्न एका निवृत्त सुभेदारांनी विचारला होता आणि तो अगदी मर्मावरचा आहे. लष्कर आणि हवाई दलाचे कायदे १९५० चे, नौदलाचा १९५७ चा, तिन्ही स्वतंत्र. त्यामुळे अंदमानसारख्या एकत्र कमांडमध्ये नौसैनिकाने शिस्त मोडली आणि प्रमुख लष्कराचा असला, तर त्याला नौसैनिकावर कारवाई करता येत नसे. माणूस त्याच्या मूळ तुकडीकडे परत धाडावा लागे. वेळ जायचा, पैसा जायचा, आणि प्रमुखाचा वचकही राहत नसे.

२०२३ मध्ये संसदेने यासाठी कायदा केला आणि १० मे २०२४ पासून तो लागू झाला. आता एकत्र संस्थेच्या प्रमुखाला तिथल्या तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे आणि प्रशासनाचे अधिकार आहेत. जुने तिन्ही कायदे तसेच राहिले. वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर आली होती. थिएटर कमांडचा पाया मात्र यानेच घातला गेला.

रावत यांचा अपघात घातपात होता का?

नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी सुलूरहून वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला जाताना कुन्नूरजवळ त्यांचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. चौदा जण होते. रावत आणि पत्नी मधुलिका यांच्यासह तेरा जण त्याच दिवशी गेले, ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवड्याने गेले. तिन्ही दलांच्या चौकशीत यंत्रबिघाड आणि घातपात दोन्ही नाकारले गेले. दरीत अचानक हवामान बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचा दिशेचा अंदाज चुकला, असा निष्कर्ष निघाला. रावत त्याआधी फेब्रुवारी २०१५ मध्ये दिमापूरला अशाच अपघातातून बचावले होते.

गोव्याच्या मोहिमेतले एर्लिक पिंटोही हेलिकॉप्टर अपघातातच गेले, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ. त्यांच्याबरोबर दोन लेफ्टनंट जनरलही होते.

रावत यांच्यानंतर कामाचं काय झालं?

नऊ महिने पद रिकामं होतं. त्या काळात सर्वांत ज्येष्ठ म्हणून जनरल मनोज नरवणे यांनी निवृत्तीपर्यंत तिन्ही प्रमुखांच्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. जून २०२२ मध्ये नियम बदलून निवृत्त अधिकाऱ्यांनाही पात्र ठरवलं आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी जनरल अनिल चौहान दुसरे सीडीएस झाले. तेही ११ गोरखा रायफल्सचे, तेही पौडीचे.

रावत यांना या एकत्र कमांडची सुरुवात हवाई संरक्षण कमांडपासून करायची होती, पहिल्याच दिवशी त्यांनी आराखडा मागवला होता. ती कल्पना मागे पडली. चौहान यांनी बोलून, पटवून पुढे जाण्याचा मार्ग धरला. मुंबई, गुवाहाटी आणि अंदमानात तिन्ही दलांच्या रसद केंद्रांची जोडणी झाली.

दाबोळीचा तळ नौदलाकडून जाणार का?

थिएटर कमांडमुळे तळाची मालकी बदलत नाही. आयएनएस हंसा नौदलाचाच तळ, तिथली मिग-२९के आणि पी-८आय विमानंही नौदलाचीच. बदलतो तो युद्धकाळात हुकूम देणारा.

गोवा शिपयार्ड आणि कोस्ट गार्ड सीडीएसच्या हाताखाली येतात का?

दोन्ही नाही. शिपयार्ड संरक्षण उत्पादन विभागाकडे, कोस्ट गार्ड संरक्षण विभागाकडे.

अग्निवीर भरती याच फेररचनेचा भाग आहे का?

सैन्य व्यवहार विभागाने ती राबवली म्हणून नातं आहे, पण ती योजना जून २०२२ ची, रावत यांच्या पश्चातली. थिएटर कमांड वेगळा विषय.

मुलगी कधी सीडीएस होऊ शकेल का?

नियमात अडचण नाही. रावत १९७८ मध्ये अधिकारी झाले आणि २०२० मध्ये सीडीएस, म्हणजे एक्केचाळीस वर्षं लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये एनडीएत दाखल झाली, त्यातल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. त्याच हिशेबाने धरलं तर २०६६ च्या सुमारास त्यांची ज्येष्ठता तिथवर पोचेल.

‘कोण कुणाला फोन करणार’ असं विचारणाऱ्या मुलीने या वर्षी एनडीएचा अर्ज भरला. पसंतीक्रम लिहिताना ती लष्कर आणि नौदल यांमध्ये अडकली होती. शेवटी तिने नौदल पहिलं लिहिलं. फळ्यावरचा तो नकाशा तिच्या वहीच्या मागच्या पानावर आहे, तीन टिंबं आणि तीन रेघा, आणि मुंबईच्या टिंबाभोवती तिने पेन्सिलीने एक गोल काढला आहे.